पावणेचारशे ग्रॅम

बदली झाली तेव्हा बाबांनी पहिलं हेच विचारलं,
"राख कुठी टाकता?"
म्हटलं, राख नसते बाबा. गॅस आहे.
नळीतून येतो, निळा जळतो, संपतो.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
कोराडीला एकतीस वर्षं राखेच्याच खात्यात काढलेला माणूस.
क्वार्टरच्या दोरीवरचे कपडे
आई वाळत घालताना झटकायची,
वाळल्यावर परत झटकायची.
"जे जळते त्याची राख राह्यतेच, पोरी.
तुमची कुठी जाते थे पाहा."

मी पाहते. पगार त्याचाच मिळतो.
बुटीबोरीच्या पुढे, रात्रपाळीला,
बाहेर अंधारातही छत्तीस असताना
आत शाल पांघरून पडद्यासमोर बसते.
आकडे हिरवे, म्हणजे नियमात.
एखादा पिवळा झाला तर फोन.
कार्बन डायऑक्साइडचा आकडा तेवढा पांढरा.
नवीन आलेला उईके म्हणाला,
"मॅडम, याले रंग काऊन नाही?"
त्याला मर्यादाच लावलेली नाही रे,
मग ओलांडणार काय, आणि लाल होणार कशाला?
तो हसला. मग हसू आवरून
वहीत आकडा लिहू लागला.

हिलाही चिमणीच म्हणतात.
बाबा जिच्या उजेडात पाढे घोकायचे ती चिमणी
सकाळी नाकात काजळी ठेवून जायची.
आमची काही ठेवत नाही.
संध्याकाळी तिच्या तोंडावर हवा नुसती थरथरते,
तापलेल्या तव्यावर थरथरते तशी,
आणि एक घार पंख न हलवता
त्या थरथरीवर गोल गोल चढत जाते.
एवढंच दिसतं. बघायला आलेले पाहुणे म्हणतात,
वा, किती स्वच्छ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत निघते.
खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा,
आम्ही ओरडतो, गळे बसेपर्यंत,
आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळतो.
लहानपणी मला ते पटायचं.
आता मिरवणुकीत मध्येच थांबते मी.
जाळल्यावर ती जाते कुठे?
हवेची वेस कोणत्या नाक्यावर आहे?

सुट्टीच्या दिवशी बाबा पुन्हा त्याच विषयावर आले.
"वजन सांग. वजन समजते मले."
एका युनिटमागे पावणेचारशे ग्रॅम, साधारण.
मानकापूरच्या दुकानातला तराजू त्यांनी ओट्यावर मांडला.
संत्र्यांचे दिवस नव्हते, म्हणून कांदे घेतले.
चार कांदे. काटा जागेवर.
"कूलर रातभर चालला त?"
दोन युनिट धरा.
"आठ कांदे," ते म्हणाले,
आणि खिडकीतल्या कूलरकडे असं पाहिलं
जसं उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहावं.
"अन् कोळशाचे?"
मी जरा थांबले.
दहा, बाबा. एका युनिटला दहा.
त्यांनी टोपलीत हात घातला.
पाचवा ठेवला, सहावा ठेवला,
सातवा हातातच राहिला.
"एकतीस वर्षांचे नको सांगू," म्हणाले.

कोणत्या तारेतली वीज कोणत्या घरात येते
हे मलाही सांगता येत नाही.
त्या रात्री आमच्या घरी ती माझ्याकडूनच येत होती
असं धरून आम्ही सगळे झोपलो.

पहाटे साडेचारला वाळ्याचा वास थांबला.
बाबांनी उठून कूलर बंद केला होता.
दोन कांदे वाचले.
मी पडून राहिले. उशी ओली झाली,
आई कूस बदलून पुटपुटली,
पंख्याने तीच ऊन हवा परत परत वाढली.
मग मीच उठले, अंधारात चाचपत,
आणि बटण दाबलं.

ओट्याकडून आवाज आला.
पितळेच्या पारड्यात कांदा पडल्याचा.
थोड्या वेळाने आणखी एक.